हसनभाईच्या पडवीतलं हो-फन

हे माझ्याकडून लिहून घेतलंय आमच्या सूनबाईनं. ती शाळेत शिकवते, त्यामुळं घरातसुद्धा कुणालातरी कामाला लावल्याशिवाय तिला बरं वाटत नाही. म्हणाली, "आबा, ते चिनी मिस्त्रीचं तुम्ही सगळ्यांना सांगता, एकदा कागदावर उतरवा." मी म्हटलं, सांगतो तेवढं पुरे नाही का? तोंडानं सांगितलेलं माणूस ऐकतो आणि हसतो. कागदावर उतरवलं की त्यात चुका काढतो. मी दुसरी पास झालेला माणूस. तिसरीत जाऊन बसलो तो बसूनच राहिलो, शेवटी मास्तरांनीच घरी पाठवलं. पण सूनबाईनं पेन ठेवलं, वही ठेवली आणि सांगितलं, एक पान झाल्याशिवाय चहा मिळायचा नाही. तेव्हा हे जे काही आहे ते चहासाठी आहे, कुणाच्या भल्यासाठी नाही.

बोट बंदरात फार दिवस उभी राहिली की तिच्या बुडाला कालवं धरतात. चालती बोट स्वच्छ असते. आम्ही बोटीवरची माणसं मंदीत घरी उभे राहिलो, म्हणून हे किस्से आम्हाला धरले. मुंबईत बोटी रिकाम्या आणि इकडे आम्ही रिकामे. महाडात हसनभाई भंडाऱ्याच्या घराची मागची पडवी हा आमचा अड्डा होता. भंडारी म्हणजे जात नव्हे, बोटीवर जो रांधतो त्याला भंडारी म्हणतात. हसनभाईचा जन्म त्यात गेला. त्याच्या हातचं ताट कुणी अर्धं टाकून उठलं तर तो दोन दिवस त्या माणसाशी बोलायचा नाही.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीतला. कुणब्याचा पोर, पण शेत भावांनी केलं आणि मी बोटीवर गेलो. तिथं एका चिनी भंडाऱ्याच्या हाताखाली भांडी घासली, कांदे सोलले, मांस कापलं. कसलं मांस ते वाडीनं कधी विचारलं नाही. समुद्रावरचं खाऱ्या पाण्यात धुऊन जातं, अशी आमच्याकडे सोयीची समजूत होती. मला ती पटायची, कारण मलाही सोयीची होती.

* * *

अचाँग मिस्त्री हा बोटीवरचा सुतार. गाव त्याचं चीनमध्ये कँटनच्या बाजूला. मोठा अबोल माणूस. एकदा त्यानं हसनभाईच्या चुलीला चहूबाजूंनी लाकडी कठडा करून दिला होता, कुणी न सांगता. पुढच्याच वादळात उकळतं पातेलं सरकलं ते त्या कठड्याला अडलं. हसनभाई म्हणायचा, "माझे हे दोन पाय हायत ना, ते अचाँगचे हायत. मी नुसता वापरतो."

मग एकदा मुंबईच्या धक्क्यावर माल उतरवताना फळी निसटली आणि अचाँगचाच पाय मोडला. त्याला दवाखान्यात टाकून बोट निघून गेली. हसनभाई तेव्हा घरी बसलेला. कळल्याबरोबर मुंबईला गेला आणि दवाखान्यात जाऊन म्हणाला, "ह्याला मी घरी नेतो."

कारकुनानं विचारलं, "हा तुझा कोण?"

हसनभाई म्हणाला, "मामेभाऊ."

कारकुनानं एकदा अचाँगचं तोंड बघितलं, एकदा हसनभाईची दाढी बघितली. म्हणाला, "मामा कुठले?"

"मामा जरा लांबचे."

बोटीनं बाणकोट, तिथून लाँचनं दासगाव आणि पुढं बैलगाडीत पेंढ्यावर निजवून त्यानं हा मामेभाऊ महाडात आणला. फातमावहिनी, म्हणजे हसनभाईची बायको, दारात उभी. तिनं गाडीत वाकून बघितलं आणि नवऱ्याला एवढंच विचारलं, "मेहमान किती दिवस?"

हसनभाई म्हणाला, "पाय सांगंल तितके."

वहिनी आत गेली आणि खाटेवर नवी गोधडी घातली.

* * *

सुरुवातीला बरं चाललं होतं. अचाँगनं निजल्या निजल्या वहिनीचा पाट दुरुस्त केला, कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं. मग माघात त्याला ताप भरला. ताप गेला पण जाताना त्याची भूक घेऊन गेला. हसनभाईनं पापलेटाचं कालवण केलं, बिर्याणी केली, खिमा केला. अचाँग दोन घास घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. पाय जमिनीला लावायलाही तयार नाही.

दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, "हाड जुळलंय. पायाला काही झालेलं नाही. पण हा खाणार नाही तर उठणार नाही, आणि उठणार नाही तर जाणार."

हसनभाईनं विचारलं, "जाणार कुठं?"

डॉक्टरांनी बॅग मिटली. तेव्हा हसनभाईला कळलं.

त्या दिवशी त्यानं खाटेजवळ बसून अचाँगचा हात धरला आणि बोटीवरच्या हिंदुस्थानीत विचारलं, "क्या खाएगा, बोल. दुनिया में जो होगा वो लाएगा."

अचाँगनं तोंड भिंतीकडे केलं. मग भिंतीला सांगितल्यासारखा म्हणाला, "हो-फन. न्गाउ-हो."

पडवीत बसलेल्यांपैकी ते फक्त मला समजलं. चिनी भंडाऱ्याच्या हाताखाली मी ते शंभर वेळा कापून दिलेलं. तांदळाच्या पिठाची वाफवलेली पातळ चादर, तिच्या बोटभर रुंद पट्ट्या. पातळ लोखंडी कढई लाल होईस्तोवर तापवायची. त्यात मोठ्याचं मटण, म्हणजे बैलाचं, कागदासारखं पातळ कापलेलं. मोड आलेले मूग, आलं, पातीचा कांदा. वरून एक काळा खारट रस. जाळावर उडवायचं आणि वाढायचं, बस. मी हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "एवढं काय अवघड नाय."

ह्या एका वाक्यापायी पुढचा सगळा त्रास झाला.

* * *

हसनभाईनं माझं अर्धंच ऐकलं. म्हणाला, "लांब लांब पट्ट्या ना? मग शेवयाच त्या." ईदच्या शेवया घरात होत्या. गव्हाच्या, केसासारख्या बारीक. त्यानं त्या मटणात परतल्या, वर गरम मसाला घातला आणि स्वतः ताट घेऊन गेला.

अचाँगनं एक शेवई बोटात धरली, उजेडाकडे केली, नीट बघितली. सुतार माणूस, दोरा कुठला आणि दोरी कुठली ते त्याला कळायचंच. मग ती हसनभाईच्या तळहातावर ठेवून म्हणाला, "ये धागा है, भाई. कमीज सिलो."

हसनभाई ताट घेऊन परत आला. वहिनी हळूच म्हणाली, "बोलला तरी. काल तर बोलतही नव्हता."

"बोलला ते माझ्या जेवणाला नावं ठेवायला."

"तुम्ही तरी दुसरं काय करता आयुष्यभर?" वहिनी म्हणाली.

* * *

तांदळाच्या चादरीचा तोडगा मला सुचला तो घरी, वाडीवर. उन्हं कडक व्हायला लागली होती आणि आमची भागी, माझी बायको, फेण्यांच्या तयारीला लागली होती. फेण्या आमच्याकडे घरोघरी होतात. तांदूळ भिजवायचे, वाटायचे, पीठ पातळ करून पानावर पसरायचं, पान वाफेवर ठेवायचं. शिजलं की पानावरून सालीसारखं सोलून काढायचं. ओली फेणी हातात घेतली की अशी लोंबते. मी ती बघितली आणि जागच्या जागी उभा राहिलो. हीच ती. चिनी भंडारी पत्र्याच्या ताटात करायचा, आम्ही पानावर करतो, एवढाच फरक.

भागीला म्हटलं, "गो, ह्या मला पाच-पन्नास पायजेत. महाडात न्यायच्यात. पातळ कर."

"कोणासाठी?"

"आजारी माणसासाठी."

आजारी माणसासाठी म्हटल्यावर तिनं जीव ओतला. मी खाली पोलादपुरात बाजाराला गेलो होतो. परत आलो तर टोपली फडक्यात बांधून तयार. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी निघालो, टोपली डोक्यावर. वाटेत वाटलं, जरा हलकी लागतेय. म्हटलं, पातळ केल्या असतील.

पडवीत टोपली उघडली. आत खडखडीत वाळलेल्या फेण्या. फातमावहिनीनं एक उचलली, ती तिच्या हातात कट्कन मोडली.

झालं असं, की ओली फेणी कुणी ठेवतं हेच आमच्या बायकांना ठाऊक नाही. फेणी म्हटली की ती उन्हात जाते. भागीनं तर आजाऱ्याला नीट पोचाव्यात म्हणून दोन्ही अंगांनी वाळवल्या होत्या.

हसनभाई म्हणाला, "गणू, तू जेवण आणलंस की चुलीला काटक्या?"

वहिनीनं त्या तळल्या. अख्ख्या मोहल्ल्यानं खाल्ल्या आणि वाखाणल्या. अचाँगनंही एक घेतली, पण खाल्ली नाही. उलटसुलट करून त्यावर उठलेल्या पानाच्या शिरा बघत राहिला. बोटानं एकेक शीर चाचपली. मग ती उशाशी ठेवली.

मी घरी येऊन भागीला सांगितलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "आधी सांगायचं व्हतंत तुमी. ओल्या पायजेत तर ओल्या म्हणावं. बाप्या माणसं अर्धं बोलतात आन् मग आमच्यावर ढकलतात."



* * *

काळ्या रसाचाही एक घोळ झाला. तो मुंबईत धक्क्याजवळच्या एका चिन्याच्या दुकानात मिळतो हे मला ठाऊक होतं. कुणा ओळखीच्या खलाशाकडून एक बाटली मागवली. ती दासगावच्या धक्क्यावर मी घ्यायला गेलो, तर तिथं आबकारीचा शिपाई उभा. बाटली काळी, आत काळं, वर चिनी अक्षरं. शिपायाचे डोळे चमकले.

"ही कसली दारू?"

म्हटलं, "दारू नाय. रस हाय, जेवणात घालायचा."

"मला शिकवतोस?" असं म्हणून त्यानं बूच काढलं आणि नेटानं एक मोठा घोट घेतला. नुसता नाकाला लावून बघितला असता तरी भागलं असतं. पण हातात आलेली बाटली नुसती हुंगून परत करायची त्याला सवय नसावी.

समुद्राचं पाणी आटवून त्यात गूळ टाकला तर जे होईल ते त्याच्या घशात गेलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. धक्क्यावरची माणसं गोळा झाली. लाँचच्या तांडेलानं त्याला शहाळं फोडून दिलं. जरा बरं वाटल्यावर मी विचारलं, "साहेब, मग ही दारू काय?"

म्हणाला, "दारू नाय. पण ही पिणारा माणूस असंल तर मला दाखव. त्याला धरायला पायजे."

* * *

रस आला, कढई मी बिरवाडीच्या लोहाराकडून ठोकून पातळ करून घेतली. राहिलं मटण. आणि इथं हसनभाई अडून बसला.

"मोठ्याला तू हात लावायचा नायस."

"का? बोटीवर लावत होतो."

"बोटीवर तू बोटीचा व्हतास. हितं तू तुझ्या वाडीचा हायस. तू ह्या पडवीतनं उठून घरी जातोस, बायकोच्या हातचं जेवतोस. माझ्या घरातनं तुझ्या घरात काय जायला नको."

तेव्हाचे दिवस सांगितले पाहिजेत. चवदार तळ्याच्या पाण्यावरून महाडात डोकी फुटून फार दिवस झाले नव्हते. कोण कुठलं पाणी पितो, कोण कुणाच्या चुलीजवळ बसतो, ह्यावर सगळ्यांची नजर. हसनभाई मला चहासुद्धा वेगळ्या पेल्यात द्यायचा आणि तो पेला मीच धुवायचा असा त्याचा नियम. माझा नव्हे, त्याचा. माझं काही बिघडू नये म्हणून. मला त्याचा रागच यायचा.

तर मटण त्यानं स्वतः कापलं. भंडारी मोठा, पण हात कालवणाचा. लाकडं फोडावीत तसे त्यानं तुकडे पाडले. अचाँगनं एक तुकडा तोंडात घातला. चावला, चावला, फार वेळ चावला. मग तोंडातून काढून ताटाच्या काठावर ठेवला. दुसरा तसाच, त्याच्या शेजारी. तिसरा त्याच्या शेजारी. अगदी ओळीत, सुतार खुंट्या मांडतो तसे.

हसनभाईनं विचारलं, "क्या हुआ?"

"अच्छा है," अचाँग म्हणाला. "नाव में छेद होगा तो ठोको."

बाहेर येऊन हसनभाई पायरीवर बसला. मी म्हटलं, "हसनभाई, मला कापू दे. आडवं कापायचं असतं, धाग्याच्या आडवं. तुझ्यानं व्हायचं नाय."

त्यानं नाही म्हणून मान हलवली. अचाँगच्या मनगटाचं हाड तोवर वरूनच मोजता येईल असं दिसायला लागलं होतं. आम्ही दोघंही ते बघत होतो.

* * *

मी अजून कापलंही नव्हतं, तोवर वाडीवर बातमी गेली की गणू महाडात मोठ्याचं कापतो. गावकी बसली. रामजीकाका आमच्या भाऊबंदातले वडीलधारे, तेच बोलणारे.

"गणू, कानावर आलंय ते खरं काय?"

"खोटं हाय. अजून कापलं नाय. आता कापणार हाय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. काकांनी तिकडं बघितलं तसं बंद झालं.

"खाणार?"

"मला कोण वाढतंय? आजारी माणसाला घालायचं हाय."

"बोटीवर काय करत व्हतास ते आमी इचारलं नाय."

"मग आताबी नका इचारू."

"आता गाव बघतंय रं," काका म्हणाले. आवाज चढवला नव्हता, उलट उतरवला होता. "तू हात लावणार असशील तर ह्या शिमग्याला पालखी तुझ्या अंगणात यायची नाय. मला सांगाया बरं वाटतंय असं समजू नकोस."

आमच्याकडे शिमग्याला देवीची पालखी दारोदार फिरते. वर्षातनं एकदाच देवी अंगणात येते. ज्याच्या दारात ती येत नाही तो त्या वर्षी गावात असून नसल्यासारखा. मी काय, वर्षाचे आठ महिने बाहेर राहिलेला माणूस. पण भागीनं अंगण सारवलं होतं, रांगोळीचे कणे काढले होते, ओटीचा खण आणून ठेवला होता.

हात लावणार नाही असा शब्द मी काही गावकीला दिला नाही. घरी येऊन मी तिला सांगितलं. ती चुलीपुढं होती. तिनं लाकूड मागंपुढं केलं. मग म्हणाली, "त्या माणसाची आई हाय काय?"

"चीनमध्ये असंल. काय ठाऊक."

"तिला कळवलंय कुणी?"

"कसं कळवणार गो?"

ती उठली आणि सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसली.

पालखी आली त्या दिवशी ती नवं लुगडं नेसून, ताट घेऊन अंगणाच्या कडेला उभी राहिली. मी म्हटलं, आत चल. ती हलली नाही. पालखी वळणावर आली. ढोल थांबला. खांदेकरी थांबले. रामजीकाका पुढं होते, त्यांनी मान खाली घातली. सगळं गाव तिथं उभं आणि कुणी कुणाकडं बघेना. मग ढोल वाजला आणि पालखी पलीकडच्या घराकडं गेली. भागीनं जागेवरूनच हात जोडले.

मग ती आत गेली, लुगडं बदललं आणि भिजवलेले तांदूळ घेऊन वाटायला बसली. मला म्हणाली, "बघत काय बसलात, पानं काढून आणा. मोठी आणा."

रामजीकाकांबद्दल माझ्या मनात आता काही नाही. पुढच्या शिमग्याला पालखी आमच्याकडं पहिली आली, आणि काका अंगणात टेकून म्हणाले, "गो भागे, पाणी दे." तेवढंच. आमच्याकडे मोठी माणसं अशीच बोलतात, आणि ते पुरतं.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत पोचलो. ह्या वेळी टोपली जड होती. ओल्या फेण्या तेलाचा हात लावून केळीच्या पानात बांधलेल्या. हसनभाईला पालखीचं आधीच कळलं होतं. दाराची कडी काढेना. आतून म्हणाला, "गणू, घरी जा. माझ्या पायी तुझ्या दारची देवी परत गेली. मी तुला तोंड दाखवायचा नाय."

मी म्हटलं, "तोंड राहू दे, सुरी दे. देवी गेली ती गेली. आता हे फुकट गेलं तर भागी मला घरात घ्यायची नाय."

वहिनीनंच कडी काढली.

अचाँगची खाट पडवीतच होती. तोंड भिंतीकडे. मी मटण घेतलं, आडवं कापलं, पातळ. हसनभाई पाठ करून उभा राहिला, जसं काही न बघितलं तर मी ते केलंच नाही. वहिनीनं पडवीतल्या चुलीत करवंट्या भरल्या. करवंटीसारखा जाळ दुसऱ्या कशाचा नाही, धडधडा वर येतो. फेण्यांच्या पट्ट्या कापून अर्ध्या बाजूला ठेवल्या, अर्ध्या घेतल्या. कढई तापली, धूर निघाला. अर्धं मटण टाकलं, आलं, मूग. मग पट्ट्या टाकल्या. वरून रस ओतला. तो वास उठला आणि मला बोटीवरची चूल आठवली. कालथा घेऊन मी नेटानं ढवळायला लागलो.

मागून आवाज आला. चिनीत काहीतरी, एकच शब्द.

हसनभाई म्हणाला, "कायतरी म्हणतोय."

"म्हणू दे. जाळ मोठा हाय, मला मागं बघायला वेळ नाय."

परत तोच शब्द, जोरात. मी अजून जोरानं ढवळलं. पट्ट्या कढईला चिकटायला लागल्या होत्या, तुटायला लागल्या होत्या, हे मलाही दिसत होतं. पण चार माणसं बघत असताना भंडारी थांबत नसतो. परत तोच शब्द, आता ओरडून. मग खाट करकरली.

माझ्या खांद्यावर एक हात पडला. नुसती हाडं. त्या हाडांत एवढा जोर कुठला होता, देव जाणे. मी उचलल्यासारखा बाजूला गेलो आणि करवंट्यांच्या ढिगात पडलो. एक करवंटी जळती होती, ती कोपराला लागली.

अचाँग मिस्त्रीनं माझी कढई उचलली आणि आतलं सगळं कोंबड्यांपुढं ओतलं. कोंबड्यांनी काही नावं ठेवली नाहीत. मग त्यानं कढई पुसली, जाळावर ठेवली, राहिलेलं मटण टाकलं, राहिलेल्या पट्ट्या हातात घेऊन एकेक सुटी केली. कालथा त्यानं घेतलाच नाही. नुसतं मनगट हलवायचा आणि कढईतलं सगळं एकदम वर उडून परत खाली यायचं, एक पट्टी तुटायची नाही. तोंडानं मला शिव्या चालूच होत्या. चिनी शिव्या, पण शिव्या कळायला भाषा लागत नाही.

फातमावहिनीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. हसनभाईला म्हणाली, "अहो, त्याचे पाय बघा."

दोन्ही पाय जमिनीवर होते.

त्यानं उभ्या उभ्याच खाल्लं, कढईतूनच. खालचं लागलेलं खरवडून खाल्लं. हसनभाई मला उठवायला आला, पण तो रडत होता, त्यामुळं त्याच्या हाताला काही जोर नव्हता, आणि मी तसाच करवंट्यांत.

मला ढकलायची काहीसुद्धा गरज नव्हती. 'बाजूला हो' म्हणाला असता तर मी झालो असतो बाजूला. पावसाच्या आधी तो मुंबईला गेला, बोट मिळाली, जाताना वहिनीच्या पाया पडला, हसनभाईला मिठी मारली, भागीसाठी शिसवीचा पाट करून ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि पट्टी उडवल्यासारखं नुसतं मनगट हलवलं. कोपराचा डाग अजून आहे, सूनबाईनं बघितलाय. अचाँग मिस्त्रीनं माझी माफी मागायची राहिली आहे.